खेळाडू चुकीच्या जागी आणि संघ कोलमडतोय: फुटबॉल मॅनेजरमधला नेहमीचा बिघाड कसा शोधायचा

लक्षणं

फुटबॉल मॅनेजर या संघ सांभाळायच्या कम्प्युटर गेममध्ये सीझनच्या सुरुवातीला तुमचा संघ नीट चालला होता. मग एक-दोन दुखापती झाल्या, कोणी निलंबित झालं, तुम्ही घाईत दुसऱ्या कुणाला त्या जागी उभं केलं, आणि दोन-तीन आठवड्यांत घडी विस्कटली. खालच्यांपैकी दोन-तीन गोष्टी दिसत असतील, तर पुढचं सगळं वाचा.

- एकाच बाजूने गोल बसतायत. सामन्यानंतरच्या विश्लेषणात विरोधी संघाचे असिस्ट (गोलआधीचे शेवटचे पास) कुठून आले ते पाहिलं, तर ठिपके एकाच पट्ट्यात साचलेले दिसतात.
- एरवी १० पैकी ७ च्या आसपास रेटिंग मिळवणारा खेळाडू सलग ६.३, ६.४ वर अडकलाय, आणि त्याच्या शेजारी खेळणाराही हळूहळू घसरतोय.
- त्याला पिवळी कार्डं वाढलीत. जागेवर उशिरा पोचणारा खेळाडू शेवटी पाय घालतो, म्हणून.
- चेंडू त्याच्यापर्यंत पोचतो आणि तिथून मागेच जातो. चेंडूवर ताबा भरपूर, संधी मात्र नाहीत.
- बदली केल्यावर पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत सामना निसटतो.
- खेळाडू स्वतः तक्रार घेऊन येतो की मला माझ्या जागी खेळवलं जात नाही.

अकराच्या अकरा जण एकदम घसरले असतील तर दुखणं वेगळं आहे. तेव्हा मनोबल, थकवा, सामन्यांची गर्दी यांकडे बघा. जागेचा बिघाड एका कोपऱ्यातून सुरू होतो आणि शेजाऱ्यांकडे पसरतो. हा फरक ओळखला नाही तर चांगली चाललेली रचना मोडून बसाल. मी पूर्वी हेच करत होते.

गेली कित्येक वर्षं माझ्या सेव्हमध्ये (जतन केलेल्या खेळात) आणि मित्रमैत्रिणींच्या सेव्हमध्ये मी हा एकच बिघाड दुरुस्त करत आलेय. तपासण्या खाली दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या तपासण्यांना दोन मिनिटं लागतात, शेवटच्यांना अर्धा सीझन आणि पैसे लागतात. बहुतेक वेळा उत्तर पहिल्या दोन-तीनमध्येच सापडतं.

आधी बघा, नकळत कोणी चुकीच्या जागी आहे का

टॅक्टिक्सचा पडदा उघडा आणि प्रत्येक खेळाडू नेमक्या कोणत्या चौकटीत उभा आहे ते एकेक करून वाचा. नजर फिरवून भागत नाही, कारण या खेळात शेजारच्या दोन जागा वेगळ्या मोजल्या जातात. डाव्या बाजूचा पुढचा अटॅकिंग मिडफिल्डर आणि डाव्या बाजूचा मिडफिल्डर ही दोन वेगळी कामं आहेत. लेफ्ट बॅक (डाव्या कडेचा बचावपटू) आणि लेफ्ट विंग बॅक (त्याच कडेला त्याच्या थोडा पुढे उभा राहणारा) वेगळे. बचावफळीच्या पुढचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर आणि मैदानाच्या मध्यावरचा सेंट्रल मिडफिल्डर वेगळे.

मांडणीचे आकडे म्हणजे बचावफळीपासून पुढे प्रत्येक ओळीत किती खेळाडू. तुम्ही ४-२-३-१ सोडून ४-४-२ केलं, की तुमचे दोन्ही विंगर (कडेने हल्ला करणारे) एक ओळ मागे आले. ४-३-३ वरून ३-५-२ वर गेलात, की फुल बॅक (दोन्ही कडांचे बचावपटू) विंग बॅक झाले. माणसं तीच, बाजू तीच, म्हणून काही बदललंय असं वाटत नाही. पण २०२४ च्या आवृत्तीपर्यंत टॅक्टिक्सवर दिसणारी मांडणी ही चेंडू आपल्याकडे नसतानाची असते. म्हणजे मागच्या ओळीत आणलेला विंगर चौघांच्या भिंतीत उभा राहून बचाव करणार. त्याने आयुष्यभर पुढे उभं राहून चेंडूची वाट पाहिलेली असते. फुल बॅकला मदत करायला परत धावणं त्याला जमत नाही, आणि गोल बसला की दोष बिचाऱ्या फुल बॅकच्या रेटिंगवर जातो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या २६ च्या आवृत्तीत चेंडू असताना आणि नसताना अशा दोन मांडण्या वेगवेगळ्या लावता येतात. तिथे एकाच खेळाडूला दोन जागा असतात, त्यामुळे दोन्ही पडदे तपासा. पहिल्या मांडणीत सगळे खूश आणि दुसऱ्यात सेंटर बॅकच्या (मधल्या बचावपटूच्या) शेजारी एक प्लेमेकर (पास देऊन खेळ रचणारा) उभा, असं मी पाहिलंय.

याच तपासणीत आणखी दोन गोष्टी उरकून घ्या. सहायकाला संघ निवडायला सांगितला होता का? आणि मागच्या सामन्यात बदली करताना किंवा लाल कार्डानंतर कोण कुठे सरकला होता? सामना चालू असताना एक खेळाडू ओढून दुसऱ्याच्या जागी टाकला की तिसरा कुठेतरी जातो, आणि तो कुठे गेला हे आपण बघत नाही. लक्षणांच्या यादीतली बदलीनंतरची पडझड बहुतेक वेळा इथूनच येते.

रंग बघू नका, शब्द वाचा

खेळाडूच्या नावाशेजारचं रंगीत वर्तुळ सगळे बघतात. गोंधळ असा, की एक वर्तुळ जागेबद्दल बोलतं आणि दुसरं रोलबद्दल, म्हणजे त्या जागी तुम्ही दिलेल्या कामाबद्दल. खेळाडूला जागा परकी असूनही रोल शोभेलसा दिसू शकतो, कारण रोलच्या मापात त्याचे गुण मोजलेले असतात. म्हणून खेळाडूच्या प्रोफाइलमध्ये जाऊन जागांचा नकाशा उघडा आणि तिथे लिहिलेला शब्द वाचा: नॅचरल, अकम्प्लिश्ड, कॉम्पिटंट, अनकन्व्हिन्सिंग, ऑकवर्ड, आणि त्याखाली अगदीच निरुपयोगी. या शब्दांमागे १ ते २० असा लपलेला आकडा असतो आणि नॅचरल म्हणजे त्याची वरची टोकाची पट्टी.

माझा नियम सांगते. कॉम्पिटंट असेल तर मी निर्धास्त खेळवते आणि दोष दुसरीकडे शोधते. अनकन्व्हिन्सिंग असेल तर दोन-तीन सामन्यांपुरतं ठीक, तेही मधल्या पट्ट्यात नको. ऑकवर्ड असेल तर फक्त सामना संपवायला.

जागा परकी असली म्हणून खेळाडूचा पास वाकडा होत नाही की त्याचा वेग कमी होत नाही. सामने बारकाईने पाहिले तर कळतं की तो निर्णयात मागे पडतो. चेंडू कुठे येणार ते त्याला अर्धा क्षण उशिरा कळतं. पुढच्या फळीत त्या अर्ध्या क्षणाची किंमत एक हुकलेली संधी असते, गोलपाशी मात्र एक गोल. त्यामुळे एकच शब्द दोन जागांवर दोन वेगळे अर्थ घेऊन येतो. विंगवर अनकन्व्हिन्सिंग मी दोन-तीन सामने सहन करेन, सेंटर बॅकला एक सामनाही नाही.

ती जागा मागते काय, आणि खेळाडूकडे आहे काय

इथे थोडा वेळ द्या. वर्तुळाचा रंग तुम्हाला एवढंच सांगतो की खेळाडू त्या जागी पूर्वी किती वावरलाय. ती जागा त्याला झेपेल का, याचं उत्तर गुणांच्या तक्त्यात असतं.

मागच्या फळीत जाणाऱ्या खेळाडूचे पोझिशनिंग, कॉन्सन्ट्रेशन, अँटिसिपेशन, मार्किंग आणि डिसिजन्स हे आकडे आधी बघा. सेंटर बॅक असेल तर त्यात जम्पिंग रीच आणि हेडिंग मिळवा. पुढे जाणाऱ्याचे ऑफ द बॉल (चेंडू नसतानाची हालचाल), फर्स्ट टच आणि कंपोजर (दडपणातली शांतता) बघा, कारण तिथे तो गोलकडे पाठ करून, अंगावर बचावपटू घेऊन चेंडू घेणार असतो. बाजूच्या पट्ट्यात वर-खाली करायचं असेल तर स्टॅमिना आणि वर्क रेट (धावपळीची तयारी). सगळे आकडे २० पैकी असतात. ज्या डिव्हिजनमध्ये तुम्ही खेळता तिथल्या त्या जागेच्या सरासरी खेळाडूशी तुलना करा, आपल्याच संघातल्या दुसऱ्याशी नको.

खऱ्या फुटबॉलमधल्या यशस्वी बदल्या बघितल्या की हे पटकन कळतं. हावियर मास्केरानो २०१० मध्ये बार्सिलोनात आला तेव्हा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर होता. उंची जेमतेम १७४ सेंटिमीटर. तरी तिथे तो सेंटर बॅक म्हणून वर्षानुवर्षं खेळला. ते जमलं, कारण तो संघ बचावफळी खूप वर ठेवून खेळायचा. तिथे हवेतल्या चेंडूंपेक्षा पुढचं ओळखणं, झटकन झेपावणं आणि नीट पास देणं यांची गरज जास्त होती. हवेतल्या चेंडूंसाठी शेजारी उंचपुरा सेंटर बॅक जेरार्ड पिके होता. तोच मास्केरानो गोलपाशी खोल बसणाऱ्या संघात सेंटर बॅक असता, तर दर कॉर्नरला जीव मुठीत धरावा लागला असता. म्हणजे तुमच्या संघाची खेळण्याची पद्धत हासुद्धा या तपासणीचा भाग आहे. कमी उंचीचा मिडफिल्डर मागे उतरवताय? मग बचावफळी वर ठेवता का, आणि त्याच्या शेजारी उडी मारणारा कोण आहे, हे आधी ठरवा.

उलट दिशेचं उदाहरण आंद्रेआ पिर्लो. पुढे, आक्रमक मिडफिल्डरच्या जागी खेळणारा हा खेळाडू मागे, बचावफळीच्या समोर आणला गेला आणि फुलला. त्याच्याकडे वेग नव्हता, दृष्टी होती. मागे आल्यावर त्याला संपूर्ण मैदान समोर दिसायला लागलं आणि चेंडू घेताना वेळ मिळायला लागला. वेग कमी पण पासिंग, व्हिजन आणि डिसिजन्स चांगले असा तिशीकडे झुकलेला खेळाडू तुमच्याकडे असेल तर हा बदल खेळात आजही चालतो. फक्त त्याच्या बाजूला एक धावणारा, चेंडू हिसकावणारा हवा.

विंगरचा फुल बॅक करणं हा सगळ्यात मोहाचा बदल. अंतोनियो व्हॅलेन्सिया मँचेस्टर युनायटेडमध्ये विंगर म्हणून आला आणि पुढे राइट बॅक झाला. त्याच्याकडे ताकद होती, दम होता आणि परत धावण्याची तयारी होती. मी माझ्या १९ वर्षांच्या विंगरला लेफ्ट बॅक केलं तेव्हा फक्त वेग बघितला होता. वेग १६, पोझिशनिंग ६, कॉन्सन्ट्रेशन ७. पाच सामन्यांत आठ गोल बसले, त्यातले सहा त्याच्या पाठीमागून. प्रत्येक वेळी दृश्य तेच होतं: क्रॉस उजवीकडून यायचा, त्याची नजर चेंडूवर, आणि दूरच्या खांबापाशी त्याचा माणूस मोकळा. वेगाने तो परत पोचायचा, पण गोल झाल्यावर.

एक गोष्ट तांत्रिक आहे, पण कामाची. खेळाडूची सध्याची एकूण क्षमता खेळात २०० पैकी मोजली जाते, आणि ती मोजताना त्याच्या जागेनुसार गुणांना वजन दिलेलं असतं. म्हणून १३० क्षमतेचा विंगर लेफ्ट बॅकच्या जागी १३० चा राहत नाही. त्याच्या क्षमतेचा मोठा वाटा ड्रिब्लिंगसारख्या गुणांत गुंतलेला असतो आणि नव्या जागी ते गुण फारसे उपयोगी पडत नाहीत. ‘माझा सर्वांत चांगला खेळाडू आहे, कुठेही चालेल’ हा हिशेब इथेच चुकतो.

पाय

पाच सेकंदांची तपासणी, तरी राहून जाते. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या कडेला फुल बॅक असेल तर रेषेजवळून क्रॉस द्यायच्या आधी चेंडू उजव्या पायावर घेणार, तोवर पेनल्टी बॉक्समधली आपली माणसं झाकली जाणार. दुसऱ्या पायाचा जोर ‘रिझनेबल’ किंवा त्यापेक्षा बरा असेल तर ठीक. ‘व्हेरी वीक’ असेल तर त्याला आत वळणारा रोल द्या किंवा त्या कडेला उभाच करू नका. डावीकडच्या सेंटर बॅकचंही हेच: दाब आला की त्याचा पास मैदानाच्या मध्ये, विरोधकाच्या घोळक्यात जातो.

सवयी नवीन जागी सोबत येतात

खेळाडूची ट्रेट्स, म्हणजे अंगवळणी पडलेल्या सवयी, त्याच्याबरोबर फिरतात. विंगवर शोभणारी ‘संधी मिळेल तेव्हा पुढे जातो’ ही सवय लेफ्ट बॅकला खड्डा पाडते. मिडफिल्डमध्ये खपून जाणारी ‘टॅकलमध्ये झेपावतो’ ही सवय सेंटर बॅकला पेनल्टी देते. रोल कितीही सावध दिला तरी सवय डोकं वर काढते. अशी एक सवय असेल तर शेजाऱ्याला सावध रोल देऊन सांभाळता येतं. दोन असतील तर त्या जागेचा विचार सोडा, कारण सवय मोडायला महिनोन्‌महिने लागतात आणि ती मोडेलच असं नाही.

माणूस न बदलता काम बदला

इथपर्यंत येऊनही तोच खेळाडू तिथे खेळवणं भाग असेल, तर त्या जागेचं काम त्याच्या सवयीच्या कामाजवळ आणा. ओलेक्झांडर झिंचेन्को मुळात मिडफिल्डर. मँचेस्टर सिटीत आणि मग आर्सेनलमध्ये तो लेफ्ट बॅक खेळला, पण चेंडू संघाकडे असताना तो मिडफिल्डमध्ये सरकायचा, म्हणजे ओळखीच्या जागी परत यायचा. तुमचा मिडफिल्डर लेफ्ट बॅकला अडकला असेल तर त्याला कडेने वर पाठवू नका, इन्व्हर्टेड रोल देऊन आत आणा. याची किंमत बाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात मोजावी लागते, म्हणून त्या बाजूचा सेंटर बॅक वेगवान हवा आणि पुढचा विंगर रेषा धरून खेळणारा हवा.

ज्या आवृत्त्यांत ड्यूटी (रोलसोबतची बचाव, मदत की हल्ला ही निवड) आहे तिथे परक्या जागेवरच्या खेळाडूला आधी डिफेंड किंवा सपोर्ट द्या. आणि एका वेळी एकच बदल करून तीन सामने बघा. रोल, मेंटॅलिटी (संघ किती सावध किंवा आक्रमक खेळतो ते) आणि बचावफळीची उंची एकाच दिवशी बदलली, तर पुढे काय उपयोगी पडलं ते कळणारच नाही.

नवीन जागा शिकवणं

हे शेवटून दुसरं, आणि महाग. वैयक्तिक प्रशिक्षणात नवीन जागा लावता येते, पण त्यावर महिने जातात. शिकण्याचा वेग व्हर्सटिलिटी (वेगवेगळ्या जागा जमणं) या लपलेल्या गुणावर बराच अवलंबून असतो. तो आकडा तुम्हाला दिसत नाही, पण प्रशिक्षकांच्या अहवालातून अंदाज येतो. तरुण खेळाडू लवकर शिकतात. नुसत्या सरावाने जागा अंगात मुरत नाही, तिथे सामन्यांची मिनिटं लागतात, म्हणून सुरुवात प्री-सीझनच्या मैत्रीपूर्ण सामन्यांपासून करा.

शेजारचीच जागा शिकवा: लेफ्ट बॅकला विंग बॅक, डिफेन्सिव्ह मिडफिल्डरला सेंट्रल. फिलिप लाम २०१३ पासून बायर्नमध्ये मिडफिल्डला खेळला ते लांबून सोपं दिसतं, पण पोझिशनिंग आणि निर्णय हे त्याचे गुण कुठल्याही जागेत उपयोगी पडणारे होते. तुमच्या खेळाडूचे तसे आहेत का ते बघून मगच त्याचा अर्धा सीझन खर्च करा. महिन्यातून एकदा शब्द बदलला का ते तपासा.

इथे थांबा

काही परिस्थितींत स्वतः दुरुस्ती करत बसू नका, त्या जागेचा जाणकार आणा.

अर्धा सीझन सराव आणि सामने देऊनही शब्द एक पायरीही वर सरकला नसेल, तर प्रशिक्षण बंद करा. दोन्ही सेंटर बॅक परक्या जागचे असतील, किंवा सेंटर बॅक आणि त्याच्यासमोरचा मिडफिल्डर दोघेही, तर रोल बदलून काही होणार नाही. गोलरक्षक संपले असतील तर मैदानी खेळाडूला तिथे फक्त चालू सामना संपेपर्यंत ठेवा. आणि खेळाडूने तक्रार केली असेल तर त्याच्या जागेवर खेळवण्याचं वचन तेव्हाच द्या जेव्हा ते खरोखर पाळता येईल. वचन मोडलं की एका जागेचं दुखणं ड्रेसिंग रूममध्ये पसरतं.

अशा वेळी आधी युवा संघात बघा. १७-१८ वर्षांचा नॅचरल सेंटर बॅक मी परक्या जागेवरच्या नामवंताच्या आधी खेळवते, कारण तो चुकला तरी योग्य ठिकाणी उभा राहून चुकतो. तिथे कोणी नसेल तर करारमुक्त खेळाडू, मग लोन (दुसऱ्या क्लबचा उसना खेळाडू), आणि शेवटी ट्रान्सफर विंडोत खरेदी. लोनवर आणताना कोणत्या जागी खेळवणार हे करारात ठरत असेल तर तिथेच खेळवा. स्काउट पाठवताना खेळाडूची गुणवत्ता ओळखण्याचा त्याचा आकडा बघा. तो आकडा कमी असेल तर अहवालावर एवढा मोठा निर्णय सोपवू नका.

एक प्रकार खरोखर तुमच्या हातचा नसतो. साठवलेली टॅक्टिक उघडली की खेळाडू आपोआप दुसऱ्या चौकटीत जातात, किंवा बदल जतन करूनही पुढच्या सामन्यात जुनीच मांडणी येते. खेळ एकदा बंद करून सुरू करा आणि तीच टॅक्टिक कोऱ्या पानावर नव्याने मांडून बघा. तरीही तेच होत असेल तर एडिटरने (खेळातली माहिती बदलणाऱ्या साधनाने) आकडे फिरवू नका. बिघाड दिसण्याआधीच्या सेव्हची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा, बिघाड दिसणारी दुसरी प्रत ठेवा, आणि कोणत्या तारखेच्या सामन्यात कोण कुठून कुठे गेला ते लिहून दोन्ही फाइल्स खेळ बनवणाऱ्यांच्या मदत विभागाकडे पाठवा.